हेदपाड्याचं खळं

खळं म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे, हे कुणाला समजावून सांगायची वेळ येईल असं शेवंतीला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कोकणातल्या शेंबड्या पोराला ते कळतं. खळ्यात चपला घालून कुणी फिरत नाही, थुंकत नाही, आणि भात आत आलं की कुत्रंसुद्धा हाकलून लावतात. पण मुलुंडच्या पश्चिमेला, जिथे सोसायट्या संपतात आणि डोंगर सुरू होतो, तिथे यायला लागलेली माणसं शिकलेली होती. त्यांना कोण काय सांगणार?

हेदपाडा म्हणजे डोंगराच्या पायथ्याची मोजकी घरं. शेवंतीचा सासरा, नाना, तरुणपणी कुडाळकडून आला तो तलावाच्या पाइपलाइनच्या कामावर. काम संपलं, बाकीचे गडी परत गेले, नाना राहिला. ओढ्याच्या काठी दलदल होती, ती उपसून त्याने भाताची खाचरं केली. घरापासून खाचरापर्यंत कारवी तोडून पायवाट पाडली. घरापुढे खळं केलं. शेजारच्या मॅथ्यूचं खाचरही तिथेच होतं. ती गावठाणातली ख्रिस्ती मंडळी, पण खळं दोन्ही घरांना मिळून एकच. आधी नानाचं भात झोडायचं, मग मॅथ्यूचं. आता मॅथ्यू राहिला नव्हता, त्याची बायको रोझमेरी एकटीच शेत बघायची. पण मळणीचा क्रम तोच राहिला होता.

डोंगर आधीपासून राखीव होता. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. राखणदार यायचा, बिडी मागायचा, जायचा. पण त्या वर्षी वर बसलेल्या कुणाच्या तरी मनात आलं की शहरातल्या लोकांना निसर्ग दाखवला पाहिजे. लगेच पाड्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आलं, हिरव्या रंगाचं. 'उपवन' अशी कमान आली. नानाने पाडलेल्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दगड लावून त्यांना पांढरा रंग दिला आणि तिला 'निसर्गवाट' म्हणायला लागले. रविवारी सकाळी चालायला येणारे, दुर्बिणी घेऊन पक्षी बघणारे, सायकलवाले, डबे घेऊन सहलीला येणारे, सगळे त्या एका वाटेने वर जायला लागले. एवढ्या लोकांच्या गाड्या कुठे राहणार, याचा विचार कमानीला रंग देताना कुणी केलेला नव्हता.

आणि इथेच सहदेवने घोळ घातला.

सहदेव म्हणजे शेवंतीचा नवरा. गिरणी बंद पडून दुसरं वर्ष चाललं होतं. आयुष्यभर साच्यावर उभा राहिलेला माणूस, घरी बसून बसून त्याच्या हातापायांना कळेनासं झालं होतं की आपण कशासाठी आहोत. पावसाळ्यातल्या एका रविवारी एक पांढरी फियाट चिखलात रुतली. आत म्हातारे नवराबायको. सहदेवने मागून ढकलून गाडी बाहेर काढली आणि स्वतःच म्हणाला, "इथे आत घ्या ना साहेब, घट्ट जमीन आहे. आपलीच जागा."

पावसाळ्यात खळ्याला खळेपण नसतं. गवत उगवतं, कोंबड्या हिंडतात, भात कापायला आलं की नव्याने खणून, चोपून ते उभं करायचं असतं. तेव्हा गाडी लावू दिली यात चुकलं काय? काहीच नाही. सहदेवने त्यांना वर पाणी दिलं, चहा दिला. म्हातारी उत्तराबाई, भांडुपच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणाल्या, "किती चांगली माणसं असतात हो अजून!" सहदेव दिवसभर फुगून होता. पुढच्या रविवारी फियाटच्या मागे एक अँबॅसेडर आली, तिच्या मागे स्कूटरी.

मग एके दिवशी उपवनाचे साहेब जीपमधून उतरले. चंद्रप्रकाश त्यांचं नाव, वय फार नाही, बोलायला गोड. कमरेवर हात ठेवून त्यांनी खळ्याभोवती एक फेरी मारली, टाचेने जमीन ठोकून पाहिली.

"सहदेव ना तुम्ही? झकास जागा ठेवलीत हो. आमचं काम करणार का? गाड्या लावून घ्यायच्या, वाटेवर शिस्त ठेवायची. टोपी, बूट, शिट्टी, सगळं देऊ. पगार देऊ."

सहदेवने बायकोकडे पाहिलं. शेवंतीने पदर खोचत मान हलवली. खोटं कशाला बोला, तिलाही आनंद झाला होता. त्या संध्याकाळी तिने घावणे केले. नवरा पुन्हा सकाळी आंघोळ करून, बूट घालून घराबाहेर पडणार, एवढंच तिला दिसत होतं. भाताच्या वेळी गाड्यांचं काय, हे ना तिने विचारलं, ना त्याने. विचारायचं असतं हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. खळं लागलं की खळं असतं, हे जसं आपल्याला ठाऊक, तसं साहेबालाही असणारच.

घटस्थापनेनंतर शेवंती खळ्याला लागली. दरवर्षी हे काम बाईचंच. तिने कुदळीने वरचा थर खणला, ढेकळं फोडली, ओढ्यावरून कळशी कळशी पाणी आणून माती भिजवली, पायाने तुडवली. मग चोपणं घेतलं. चोपणं म्हणजे दांड्याला बसवलेली जड फळी. वाकून, दोन्ही हातांनी उचलायची आणि आपटायची, वीतभर पुढे सरकायचं, पुन्हा आपटायची. संध्याकाळी कंबर सरळ होत नव्हती. तळहाताला फोड येऊन फुटले, त्यांना खोबरेल लावून ती पुन्हा चोपायला लागली. ओटीवर बसलेल्या नानाला दिसत फारसं नव्हतं, पण कान शाबूत होते.

"थय पोकळ वाजता गो," तो बसल्या जागेवरून सांगायचा. "उंबराच्या बाजूक."

ती तिथे पुन्हा चोपायची.

"अवो, गाड्यो खंय लावतले ते लोक आता?" तिने एकदा नवऱ्याला विचारलं.

"लावतीत खंयतरी. खळा केलेला दिसल्यार कोण येतलो गाडी घेवन? तेंका काय डोळे नाय?"

शेवटी शेण कालवून तिने सगळं खळं सारवून काढलं. हाताची बोटं एकाच दिशेने फिरवत, गुडघ्यावर मागे मागे सरकत. रोझमेरीही मदतीला आली होती. दसऱ्याच्या दिवशी नानाने चाचपडत येऊन मधोमध मेढ रोवली. मेढ म्हणजे खैराचा जुना खांब, बैल फिरवायचे तेव्हाचा. आता बैल नव्हते, भात फळीवर झोडायचे, पण मेढ रोवल्याशिवाय खळं झालं असं नाना म्हणत नसे. हिरवट, गुळगुळीत खळं उन्हात वाळत पडलं होतं. शेवंती ओटीवर बसून नुसतं त्याच्याकडे बघत राहिली.

दोनच दिवसांनी रविवार होता. उपवनाचा कसलासा सोहळा होता. शेवंती आणि रोझमेरी पहाटेच कापणीला खाचरात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा खळ्यात गाड्या होत्या. फियाट होती, अँबॅसेडर होती, जीप होती, शाळेची एक बस होती. बसची मागची चाकं जिथे वळली होती तिथे ओलसर माती टायरला चिकटून उचकटून आली होती. मेढ जागेवर नव्हती. ती फाटकाशी नेऊन रोवली होती, आणि तिच्यावर खिळे मारून पाटी लावली होती: 'वाहनतळ'.

टोपी घातलेला सहदेव एका गाडीला मागे मागे घेत होता. त्याने शेवंतीला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

साहेब मात्र हसत पुढे आले. "वहिनी, मानलं तुम्हाला! मी नुसतं म्हटलं होतं जागा ठेवा, तुम्ही तर सारवूनबिरवून ठेवलीत. पाहुण्यांना इतकं आवडलं. खास गावचा टच!"

शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला म्हणायचं होतं की मेल्या, हे तुझ्या गाडीसाठी नव्हे, माझ्या भातासाठी सारवलंय. पण समोर चांगल्या कपड्यांतली माणसं उभी होती, नवऱ्याचा साहेब होता, आणि तिच्या साडीला चिखल होता. तोंडातून शब्द फुटला नाही. त्या न फुटलेल्या शब्दाचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

गाड्यांची घरघर फाटकापाशीच चाललीय असं समजून बसलेला नाना त्या गेल्यावर ओटीवरून उतरला. अनवाणी पायाने चाचपत खळ्यात आला. चार पावलं टाकली आणि त्याचा पाय चाकाच्या चाकोरीत गेला. तो थांबला. तळव्याने त्याने त्या खड्ड्याचा काठ चाचपला, मग दुसरा.

"ह्यात खड्डे कशे गो पडले?"

"गाड्यो इल्यो, नाना."

"खळ्यात?"

"होय."

"आणि तुमी दोगां खंय होतास?"

सहदेव बूट काढत होता, तो काढतच राहिला. नाना मधोमध जाऊन मेढीसाठी हात फिरवत उभा राहिला, आणि मेढ काही त्याच्या हाताला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सहदेव साहेबाकडे गेला. टोपी हातात घेऊन बराच वेळ बाहेर उभं राहिल्यावर आत बोलावलं. तो परत आला तो खाली मान घालून.

"काय म्हणालो सायब?"

"तो म्हणालो, झोडणी दुसरीकडे करा. सपाट जागा काय कमी आसत? उपवनाच्या संडासाच्या मागे पत्र्याची शेड असा, म्हणालो."

"संडासाच्या मागे?" शेवंती उभीच राहिली. "संडासाच्या मागे भात झोडूचा?"

"तेंका काय कळता त्यातला."

"तुमका कळता ना? तुमी सांगलास काय?"

"काय सांगू? पावसात मीच म्हटलंय ना, आपलीच जागा, लावा. तेच धरून बसलो तो. म्हणालो, तुम्हीच दिलीत, आता मागे फिरता?"

शेवंतीने पुन्हा खणलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा चोपलं. या वेळी तिने चोपणं असं आपटलं की रोझमेरी आपल्या दारातून म्हणाली, "अगं, जमिनीचा काय दोष?" आठवड्याच्या मध्यावर चाकोऱ्या बुजल्या, सारवण झालं. आणि तिसऱ्या प्रहरी उपवनाचे दोन मजूर चुन्याची बादली घेऊन आले. दोरी धरून त्यांनी ओल्या सारवणावर पांढरे पट्टे ओढले, सरळ, एकसारखे. प्रत्येक गाडीला एक घर. मजुरांपैकी एक कुणब्याचा होता. पट्टे ओढताना त्याने चपला काढून कडेला ठेवल्या होत्या, आणि शेवंतीकडे तो बघत नव्हता.

इकडे भात पिकून पिवळं झालं होतं. थांबायला सवड नव्हती. ती रोज कापत होती, पेंढ्या बांधत होती, आणि खाचरातच रचून ठेवत होती, कारण आणायचं कुठे? एक दिवस मात्र तिने ठरवलं, निदान घराच्या ओटीवर तरी थोडं आणून टाकू. डोक्यावर भारा घेऊन ती सासऱ्याने पाडलेल्या वाटेने खाली यायला लागली. भाऱ्याखाली मान आखडते, पुढचं फक्त दोन हात दिसतं. बाजूने पांढरे दगड सरकत होते.

"बाई, एक मिनिट, थांबा हं तशाच!" कुणीतरी म्हणालं. कॅमेऱ्याचा आवाज झाला. "पदर जरा सारखा करा. हां. वा!"

डोक्यावर मणाचं ओझं घेऊन ती थांबली. का थांबली, तिलाच कळलं नाही. पुढे निघाली तर वळणावर शिट्टी वाजली.

सहदेव होता. त्याच्या मागे साहेब उभे होते.

"शेवंती, हयसून नको," सहदेव हळू आवाजात म्हणाला. "वाट फकस्त फिरणाऱ्यांची. भारो घेवन मागल्यान जा."

"मागल्यान खंयसून? मागे व्हाळ असा. भारो डोक्यार असा माज्या."

"जा गो. ऐक."

साहेब मध्ये पडले. "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. भाऱ्यांतून काट्याकुट्या पडतात, लोकांच्या पायात जातात. आपल्याच माणसाला सूट दिली तर मी बाकीच्यांना काय सांगू?"

बाकीचे कोण? त्या वाटेने भारा नेणारी दोनच घरं होती. पण ती वळली. ओढ्यातून येताना शेवाळावर पाय सरकला, ती गुडघ्यावर पडली आणि भारा पाण्यात गेला. लोंब्यांतले दाणे सुटून प्रवाहाबरोबर निघाले. पाण्यात हात घालून ती मूठ मूठ गोळा करत राहिली, जेवढे आले तेवढे. घरी येऊन तिने ते दाणे सुपात ओतले आणि सूप नवऱ्याच्या पुढे ठेवलं.

"नोकरी गेली तर मगे खावचा काय?" सहदेव आपणहून म्हणाला. "सांग ना. दोन वर्सा बसलंय घरात. तुका काय वाटता, माका बरा वाटता तुज्यार शिटी वाजवूक?"

"भात कुजला तर काय खातलंव? शिटी?"

त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

आणि मग शुक्रवारी परतीचा पाऊस आला. दुपारीच अंधारून आलं, वारा सुटला, आणि शनिवार सकाळपर्यंत तो कोसळत राहिला. ओढा खाचरात शिरला. रचलेल्या पेंढ्यांच्या बुडाशी पाणी उभं राहिलं. शेवंतीने पेंढीत हात खुपसून पाहिला तर आत ऊब होती. वाफेची. एक दिवस गेला असता तर कोंब फुटले असते. वर्षाचं भात होतं ते. नानाची पेज, सणाचे घावणे, लेकीकडे पाठवायची पायली, सगळं त्या उबेत कुजत होतं.

रविवार उजाडला तो लख्ख. असं ऊन की अंगाला चटका बसावा. शेवंती पहाटेपासून खाचरात होती. पेंढ्या पाण्यातून काढून बांधावर टाकत होती, पण बांध ते किती? भात पसरायला उंच, निचऱ्याची, उन्हाची जागा एकच होती. तिने एक भारा बांधला, डोक्यावर घेतला, आणि पांढऱ्या दगडांच्या वाटेला लागली.

वळणावर सहदेव उभा होता. ओल्या भाऱ्यातून पाणी तिच्या तोंडावर ओघळत होतं, लुगडं अंगाला चिकटलं होतं. तिने पाय थांबवला नाही. सहदेवने शिट्टी तोंडाशी नेली. ती अगदी समोर आली तरी शिट्टी तोंडाशीच होती. मग तो बाजूला झाला.

खळ्यात पावसाने फिकटलेल्या पट्ट्यापट्ट्यांतून गाड्या लागलेल्या होत्या. माणसं वर फिरायला गेली होती. शेवंतीने भारा टाकला, सोडला, आणि गाड्यांच्या मधल्या जागेत पेंढ्या उभ्या केल्या. मग दुसरी खेप. तिसऱ्या खेपेला रोझमेरी भेटली. चर्चमधली मिसा आटोपून परत येत होती, चांगला झगा, डोक्याला रुमाल, हातात प्रार्थनेचं पुस्तक. तिने एकवार खळ्याकडे पाहिलं, पुस्तक ओटीवर नानाच्या हातात दिलं आणि झग्याला गाठ मारली.

"चल गं. माझंही तिथेच भिजतंय."

दोघींनी मिळून वाहून आणलं. खळ्यातली मोकळी जागा संपली. तेव्हा शेवंतीने अँबॅसेडरच्या टपावर हात ठेवून पाहिला. पत्रा तव्यासारखा तापला होता. तिने एक पेंढी टपावर ठेवली. मग बॉनेटवर. मग पुढच्या गाडीवर. थोड्याच वेळात गाड्या दिसेनाशा झाल्या, नुसतं पिवळं भात वाफाळत होतं. चुन्याचे पट्टे पेंढ्यांखाली गेले.

मग ती फाटकाशी गेली आणि मेढ उपटली. पाटीसकट. खिळे काढत बसायला वेळ नव्हता. मधोमध पहारीने खड्डा करून तिने ती रोवली, आणि नानाला हात धरून आणलं. नानाने मेढ चाचपली. त्याचा हात पाटीला लागला.

"ह्या काय?"

"काय नाय नाना. नारळ फोडा."

नानाने नारळ फोडला. 'वाहनतळ' या अक्षरांवरून पाणी खाली ओघळलं.

दुपारपर्यंत वरचं भात कोरडं झालं. दोघींनी फळी टाकून झोडायला सुरुवात केली होती, दाणे खळ्यात उडायला लागले होते, तेव्हा माणसं परत आली. आधी हसली. एकाने फोटो काढला. मग गाड्या आपल्याच आहेत हे लक्षात आलं तसा गलका झाला. "अरे रंग जाईल!" "हा काय प्रकार आहे?" "वाट लागली गाडीची!"

उत्तराबाईंच्या यजमानांनी टपावरच्या पेंढ्या ढकलून दिल्या, फियाटमध्ये बसले आणि गाडी सुरू केली. मागे झोडलेल्या भाताची रास होती. गाडी मागे सरकायला लागली.

तेव्हा शिट्टी वाजली. पावसाळ्यापासून एवढ्या जोरात ती एकदाही वाजली नव्हती. सहदेव धावत येऊन गाडीच्या मागे उभा राहिला होता, हात आडवे करून. गाडी त्याच्या गुडघ्याला टेकून थांबली.

उत्तराबाई काच खाली करून म्हणाल्या, "सहदेव? अहो, तुम्ही? आम्ही तुमच्या घरचं पाणी प्यायलोय. ओळखीच्या माणसांशी असं वागायचं? आम्हाला जेवायला पोचायचंय."

सहदेवचा चेहरा पडला. हे त्याला लागलं, फार लागलं. पण तो हलला नाही.

तोवर साहेब आले. त्यांच्याबरोबर वरचे कुणी पाहुणे होते, म्हणून आवाज चढवायचीही पंचाईत. "सहदेव, हे काय चाललंय? दहा मिनिटांत हे सगळं उचल. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

सगळे सहदेवकडे बघत होते. शेवंतीही बघत होती, हातातली पेंढी तशीच वर धरून. त्याने सांगितलं तर ती उचलणार नव्हती, हे तिचं ठरलं होतं. पण त्याने सांगू नये, असं तिला फार वाटत होतं.

सहदेव खळ्याच्या कडेला गेला. खाली बसला. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढून आत कोंबले. टोपी काढून बुटांवर ठेवली. गळ्यातली शिट्टी काढून टोपीत टाकली. आणि अनवाणी पायांनी खळ्यात येऊन त्याने शेवंतीच्या हातातली पेंढी घेतली आणि फळीवर आपटली. पहिलीच पेंढी त्याने अशी झोडली की दाणे साहेबांच्या पायापर्यंत उडाले.

साहेब एक पाऊल पुढे टाकायला गेले.

"साहेब, बूट," शेवंती म्हणाली.

"काय?"

"बूट काढून या. खळं आहे हे."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पाहुणे बघत होते, उत्तराबाई बघत होत्या, ओटीवर नाना कान देऊन बसला होता. साहेबांचा उचललेला पाय हवेत थोडा वेळ राहिला, आणि होता तिथेच खाली आला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "उद्या बघतो मी तुमच्याकडे. पण या लोकांच्या गाड्या? त्या कधी निघणार?"

शेवंतीने वाकून नवी पेंढी उचलली. तिच्या तळहातावरचे फोड पुन्हा फुटले होते, पण आता तिला ते दुखत नव्हते.

"मळणी झाली की," ती म्हणाली, आणि पेंढी फळीवर आपटली.